मोबाईल घेतलात, आता व्हिडिओची भाषा शिका



बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "सर, चांगला मोबाईल घेतला, माइक घेतला, तरी व्हिडिओ बघून गिऱ्हाईक का येत नाही?"

माझंही तेच झालं होतं. माझं भांड्यांचं दुकान. एका दिवाळीला पितळी भांड्यांचा माल भरला आणि काउंटरमागे उभं राहून चार मिनिटांचा व्हिडिओ केला. फोन आले, पण प्रत्येकाचं एकच: "दादा, आतून कल्हई आहे का?" मी ते व्हिडिओत दोनदा बोललो होतो. दाखवलं मात्र एकदाही नव्हतं! अर्धा माल संक्रांतीपर्यंत पडून, पैसे अडकलेले.

आपल्या दादासाहेब फाळक्यांना हे १९१२ सालीच कळलं होतं. सिनेमासाठी भांडवल हवं होतं. त्यांनी नुसतं बोलून पटवलं नाही. कॅमेरा एका जागी ठेवून वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं. ते बघून पैसे द्यायला माणूस तयार झाला. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला.

तर पहिला धडा: शॉट म्हणजे शब्द. सुरुवातीला तीनच पुरेत.

१. लाँग शॉट: आपण कुठे आहोत? दुकान, पाटी, रस्ता. तीन-चार सेकंद बास.

२. मिड शॉट: कोण बोलतंय? साधारण कमरेपासून वरचा माणूस. चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत.

३. क्लोज-अप: नेमकं काय बघायचं? भांड्याची आतली कल्हई, कानाची पकड, बुडाची जाडी. गिऱ्हाईक दुकानात जे हातात घेऊन बघतं, ते इथे जवळून दाखवायचं.

दुसरा धडा: जोडणी म्हणजे वाक्य. रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने शंभरएक वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. सूपच्या वाटीनंतर तो भुकेला वाटला, शवपेटीनंतर दुःखी. चेहरा बदललाच नव्हता!

आता आपल्या दुकानात बघा. कल्हईच्या क्लोज-अपनंतर गिऱ्हाईक ताईंचा चेहरा लावा, वाटेल 'माल पसंत पडला'. तोच चेहरा किमतीच्या चिठ्ठीनंतर लावा, वाटेल 'महाग आहे बुवा!' चूक चेहऱ्याची नाही, क्रमाची. (आणि हो, गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना विचारूनच घ्या.)

आजचा गृहपाठ: गिऱ्हाईक सर्वात जास्त विचारतं तो एक प्रश्न कागदावर लिहा. त्याचं उत्तर तीन शॉटमध्ये, वीस सेकंदात दाखवा. मग आवाज बंद करून घरच्यांना बघायला द्या. काय विकताय आणि का घ्यावं, हे त्यांना कळलं तर तुमचा व्हिडिओ बोलायला लागला. नाही कळलं तर पुन्हा काढा, रीळ थोडीच संपणार आहे!