इंजिन बंद पडलं, धावपट्टी समोर आहे, तरी शेतात का उतरायचं?

आजचा प्रश्न सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धातलं फायटर विमान हवेत आहे आणि त्याचं एकुलतं एक इंजिन दगा देतं. पायलटने काय करायचं?

जुलै २०१७, इंग्लंडमधलं डक्सफर्ड. एअर शोमधलं पी-५१ मस्टँग उतरायला येत होतं आणि नेमकी तेव्हाच इंजिनाची ताकद गेली. धावपट्टी जवळच होती, पण तिच्या अलीकडे एम-११ महामार्ग होता. पायलटने धावपट्टीचा नाद सोडला आणि पिकाच्या शेतात विमान पोटावर उतरवलं. विमानाचं नुकसान झालं, पण पायलट वाचला.

मी इंजिनिअर आहे, तोही सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे मला बॅटरीच्या भाषेत कळतं. इंजिन गेलं म्हणजे चार्जर गेला. आता शिल्लक दोनच गोष्टी: उंची आणि वेग. उंची खर्च करून वेग टिकवायचा, म्हणून लगेच नाक खाली करायचं. जमीन जवळ येत असताना मन सांगतं, नाक वर ओढ, थोडं लांब जाशील. पण तसं केलं की वेग पडतो, पंखांची उचल संपते आणि विमान दगडासारखं कोसळतं. यालाच स्टॉल म्हणतात.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळायचा मोहही तितकाच घातक. उंची राखत ६० अंश कलून वळलं, तर स्टॉलचा वेग सुमारे १.४ पट होतो. म्हणजे वेग कमी असतानाच गरज जास्तीची! त्यापेक्षा समोर, थोडं डावीकडे-उजवीकडे जे मोकळं शेत दिसेल ते आपलं.

मग चाकं का नाही काढायची? मऊ मातीत चाकं रुततात, विमान नाकावर उलटतं आणि पायलट खाली अडकतो. पोटावर ते घसरत जाऊन थांबतं. पाण्यावर मात्र उलट. मस्टँगच्या पोटाखाली रेडिएटरचं मोठं तोंड असतं, ते पाण्यात शिरलं की विमान नाक खुपसतं. म्हणून समुद्रावर पुरेशी उंची असेल तर पॅराशूटने उडी मारणं बरं. इजेक्शन सीट या विमानांत नाहीच.

उतरण्याआधीची कामं: प्रोपेलरचं पिच कोअर्स करायचं, म्हणजे पात्यांचा अडथळा कमी होतो. इंधन आणि मॅग्नेटो बंद, म्हणजे आगीचा धोका कमी. कॅनॉपी आधीच उघडायची, कारण धक्क्याने ती वाकली तर नंतर उघडणार नाही. पट्टे आवळायचे. आणि हे सगळं हाताशी असलेल्या काही सेकंदांत. वेळ कमी पडली तर एकच काम: वेग सांभाळायचा.

खरी परीक्षा मनाची आहे. अशी मोजकीच विमानं आज उडतात, त्यामुळे विमान वाचवावंसं वाटणारच. पण ते वाचवायच्या नादात धावपट्टीपर्यंत ताणलं, तर दोन्ही जातात. विमान पुन्हा बांधता येतं, माणूस नाही.

पटलं तर मित्रांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!