वाशिंदच्या पत्र्याला दोन दारं

कसाऱ्याकडे जाणारी लोकल खडवली सोडते आणि पुढचं स्टेशन वाशिंद. इथे उतरणाऱ्या माणसाला युरोपीय संघाचं काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला मुंबई-नाशिक महामार्गावरचे ट्रेलर दाखवीन. त्यांवर साखळदंडांनी जखडलेल्या पोलादाच्या गुंडाळ्या असतात. कारखान्यातली माणसं त्यांना कॉइल म्हणतात.

जिंदाल आयर्न अँड स्टील कंपनीनं 1982 साली वाशिंदला कारखाना काढला. 2005 मध्ये ती कंपनी विलीनीकरणातून जेएसडब्ल्यू स्टील झाली. वाशिंदला लोखंड वितळत नाही. बाहेरून आलेली जाड कॉइल इथे आम्लात धुतात, थंड अवस्थेतच लाटून पातळ करतात, तिच्यावर जस्ताचा मुलामा चढवतात आणि काही मालाला रंग देतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पेंढा आणि कौलं जाऊन जो पत्रा आला, तो ह्याच जातीचा. हाच पत्रा परदेशीही जातो. ब्रिटननं युरोपीय संघ सोडल्याची, म्हणजे ब्रेग्झिटची, कथा म्हणूनच मला लंडनपेक्षा इथून जास्त स्पष्ट दिसते.

आधी युरोपचं दार समजून घेऊ. मार्च 2018 मध्ये अमेरिकेनं आयात पोलादावर 25 टक्के शुल्क लावलं. तिथे अडलेला माल आपल्याकडे लोटेल ह्या धास्तीनं युरोपीय संघानं त्याच वर्षी जुलैत तात्पुरतं आणि फेब्रुवारी 2019 पासून पक्कं संरक्षण उभारलं. पोलादाचे वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गाला कोटा ठरवला. कोट्यात बसला तर माल शुल्काविना आत, कोटा भरल्यावर 25 टक्के. कोटा तिमाहीगणिक उघडायचा आणि आधी येईल त्याला मिळायचा. रंगीत पत्र्याच्या वर्गात भारताला स्वतंत्र कोटा मिळाला, कारण ह्या मालात आपण मोठे पुरवठादार होतो.

ब्रिटन तेव्हा ह्या दाराच्या आत होता. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी बाहेर पडायचा कौल दिला होता. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन औपचारिकपणे बाहेर पडला आणि संक्रमणकाळ 31 डिसेंबरला संपला. दुसऱ्या दिवसापासून वाशिंदसारख्या ठिकाणच्या निर्यात विभागासमोर एकाच्या जागी दोन दारं आली. युरोपचा कोटा वेगळा झाला, ब्रिटनचा वेगळा. त्याहून बोलका बदल युरोपच्या यादीत झाला. रंगीत पत्र्याच्या वर्गात भारत आणि दक्षिण कोरिया यांच्या शेजारी आता ब्रिटनचंही नाव लागलं. काल पंगतीत वाढायला उभा असलेला माणूस आज पान मांडून बसला होता, आणि वाढपी किती वाढतील ते त्याच्या हाती राहिलं नव्हतं.

स्वतःचे नियम स्वतः करू, ही ब्रेग्झिटवाल्यांची मुख्य हाक होती. पोलादात त्या स्वातंत्र्याचं काय झालं? युरोपचं हेच संरक्षण ब्रिटननं 19 वर्गांसाठी उचलून स्वतःच्या कायद्यात आणलं. जून 2021 मध्ये त्यांच्याच नव्या व्यापार प्राधिकरणानं त्यातले नऊ वर्ग मोकळे करावेत, अशी शिफारस केली. व्यापारमंत्री लिझ ट्रस तर मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्या. तरीही सरकारनं घाईनं कायदा बदलून त्या नऊपैकी पाच वर्गांचं संरक्षण वर्षभर वाढवलं. पोलादाच्या गावांतली मतं आणि नोकऱ्या पणाला लागल्यावर दुसरं काही होणं अवघडच होतं.

आयर्लंडच्या सीमेवर तर गोष्ट आणखी विचित्र झाली. ऑक्टोबर 2019 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी बसून ज्यांनी ह्या सीमेच्या तोडग्याची वाट मोकळी केली, ते आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. तोडगा असा होता, की आयर्लंड बेटावर जमिनीवरची तपासणी नको, म्हणून उत्तर आयर्लंडनं मालाबाबत युरोपचे नियम पाळायचे. ऑगस्ट 2022 मध्ये युरोपनं कोट्याची मांडणी बदलली, आणि ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला, म्हणजे स्वतःच्याच देशात, काही बांधकामाचं पोलाद पाठवायला 25 टक्के शुल्क लागू झालं! पुढे ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या विंडसर करारात त्यावर तोडगा निघाला.

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या परिसरानंही बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. तिथला कारखाना टाटांचा. 30 सप्टेंबर 2024 ला तिथली शेवटची झोतभट्टी विझली. तिच्या जागी विजेची भट्टी येणार, त्यासाठी सरकारचे 50 कोटी पौंड. हे ब्रेग्झिटमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. जुन्या भट्ट्या, महाग वीज आणि सततचा तोटा ही कारणं आधीपासून होती. पण बाहेर पडल्यानं पोलादाला बरे दिवस येतील ही आशाही फळली नाही. एप्रिल 2025 मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्या वाचवायला शनिवारी संसद बोलवावी लागली.

राजकारणही स्थिरावलं नाही. सार्वमत घेणारे पंतप्रधान कॅमेरॉन यांच्यानंतर आठ वर्षांत पाच पंतप्रधान झाले. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज आहे, की बाहेर पडल्यामुळे दीर्घ मुदतीत उत्पादकता सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील.

भरपाई म्हणून ब्रिटनला भारताशी करार हवा होता. एप्रिल 2022 मध्ये जॉन्सन दिल्लीत येऊन म्हणाले, दिवाळीपर्यंत करू. ती दिवाळी आली तेव्हा जॉन्सन गेले होते, त्यांच्यानंतरच्या ट्रस यांनीही राजीनामा दिला होता. करारावर सह्या झाल्या 24 जुलै 2025 ला. व्हिस्कीचं शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 वर येणार. आपल्या कपड्यांना, चामड्याच्या वस्तूंना ह्या कराराचा लाभ आहे. पोलादाला मात्र थोडाच. ब्रिटनमध्ये पोलादावर नेहमीचं आयात शुल्क आधीच शून्य होतं. अडथळा कोट्याचा होता, आणि त्यात आता कार्बनची भर पडते आहे.

युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरची आकारणी, 1 जानेवारी 2026 पासून खराखुरा लागू झाला. त्यात पत्र्याबरोबर त्याच्या मूळ कॉइलचा धूरही मोजतात. म्हणजे वाशिंदला भट्टी नसली तरी दूरच्या भट्टीतला कोळसा वाशिंदच्या पत्र्याच्या हिशेबात येतो. ब्रिटननं स्वतःचा वेगळा कार्बन आकार जाहीर केला आहे. आणि गंमत नव्हे, दुःखाची बाब अशी, की युरोपच्या आकारातून स्वतःचा माल सुटावा म्हणून 19 मे 2025 च्या लंडन परिषदेत ब्रिटननं युरोपच्याच कार्बन बाजाराशी जोडून घ्यायचं तत्त्वतः मान्य केलं. नियम पाळायचे तेच. ते लिहिताना मत देण्याचा हक्क मात्र गेला.

हे नियम जिथे लिहिले जातात त्या खोलीत आपण भारतीय कधीच नव्हतो. म्हणून आपल्याकडे तयारीशिवाय दुसरं साधन नाही. टनामागे किती कार्बन, हे मोजणारी आणि त्याचे कागद चोख ठेवणारी माणसं ह्या उद्योगाला आता कायम लागणार आहेत. शहापूर-मुरबाडच्या आयटीआय आणि महाविद्यालयांनी हे शिक्षण सुरू करावं, आणि ती मागणी आपण पालकांनी आत्ताच लावून धरावी. ब्रिटनच्या कार्बन आकारासाठी ठरलेली तारीख 1 जानेवारी 2027 आहे.