वैनगंगेतून समुद्राकडे : नकाशावरची निळी रेघ आणि प्रत्यक्ष पाणी

चिखला हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं मँगनीजच्या खाणीचं गाव. समुद्र इथून कोणत्याही दिशेला दूरच. तरी या मुलखात पडलेला पाऊस बावनथडीतून वैनगंगेत जातो, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पाणी जर जातं, तर होडी का जाऊ नये? प्रश्न रास्त आहे. छोट्या होडीनं लांबचा जलप्रवास करावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्या हातात खरी माहिती द्यावी. कारण या विषयात ऐकीव गोष्टी फार आणि त्यातल्या काही जिवावर बेतणाऱ्या.

समज : नदी समुद्राला मिळते, म्हणजे होडीही पोचेल

हा समज दीडशे वर्षांपूर्वी सरकारी खर्चानं तपासून झाला आहे. धवळेश्वरमचा गोदावरीवरचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणारे आर्थर कॉटन यांचा जलवाहतुकीवर मोठा विश्वास होता. वऱ्हाड-वर्धेकडचा कापूस नदीनंच पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना १८६० च्या दशकात हाती घेतली गेली. अडचण होती ती तीन खडकाळ अडथळ्यांची : दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. तिथं पाणी दगडांमधून उसळत खाली येतं. या टप्प्यांना वळसा घालून कालवे आणि होडी चढवा-उतरवायचे लॉक बांधायचे ठरले आणि दुम्मगुडेमला बरंच काम झालंही. पण पुरेसं पाणी वर्षातले थोडेच महिने राही. त्यात १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये काम बंद पडलं. आमच्या भागातलं मँगनीजही पुढं तुमसर-तिरोडी मार्गावरून रेल्वेनंच गेलं, नदीनं नाही.

आज खडक आहेतच, त्यांत धरणांची भर पडली आहे. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्या धरणाला ३३ दरवाजे आहेत, पण होडी वरून खाली उतरवण्याची सोय नाही. पुढं चामोर्शीकडे चिचडोह बॅरेज, प्राणहितेच्या संगमाखाली तेलंगणात मेडीगड्डा, त्याखाली पोलावरम आणि शेवटी धवळेश्वरम. अशा प्रत्येक ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढून, खांद्यावर किंवा गाडीवर घालून पलीकडे न्यावी लागते. म्हणून या नदीवरचा प्रवास सलग आखायचाच नसतो, टप्प्याटप्प्यानं आखायचा असतो. होडी निवडतानाही पहिला प्रश्न हाच ठेवावा की दोघांना ती उचलता येईल का. शिडाचा, इंजिनाचा विचार त्यानंतर.

भंडाऱ्यापासून आंभोऱ्याच्या संगमावरून गोसीखुर्दपर्यंतचा धरणाचा फुगवटा हा त्यातल्या त्यात मोकळा टप्पा. मात्र फुगवटा म्हणजे तळं नव्हे. त्याच्या पोटात बुडालेली झाडं, बांध आणि उठून गेलेल्या गावांचे अवशेष आहेत. पाण्याची पातळी दरवाज्यांवर ठरते, त्यामुळं आज जे खोड चार हात खाली आहे ते महिन्याभरात होडीच्या तळाला लागू शकतं. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना ही ठिकाणं पाठ असतात. त्यांच्यापैकी कुणाला सोबत घेतल्याशिवाय पहिल्यांदा या पाण्यात लांब जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जलसंपदा विभागाची परवानगी लागते ती वेगळीच.

समज : राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाला, म्हणजे वाट तयार आहे

२०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. वैनगंगा-प्राणहिता त्यात १०९ क्रमांकावर आहे. चंदापूरजवळच्या पुलापासून गोदावरीच्या संगमापर्यंत. म्हणजे वरच्या अंगाचा भंडारा जिल्हा त्यात नाहीच. आणि जाहीर होणं वेगळं, वाहता होणं वेगळं. खोली राखणं, खुणेचे तरंगते बोये, धक्के, रात्रीचे दिवे हे सगळं झालं म्हणजे जलमार्ग. यादीतलं नाव पाहून कुणी मार्ग आखू नये.

समज : कालवा आहे, मग होडी सोडायला काय हरकत?

युरोपातल्या कालव्यांवरच्या संथ होड्यांची चित्रं पाहून हा समज पक्का होतो. गोसीखुर्दचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटर लांब आहे, तेव्हा मोह होणं साहजिकच. पण युरोपातले ते कालवे वाहतुकीसाठी खणले, आपले सिंचनासाठी.

वाहतुकीच्या कालव्यात पाणी जवळजवळ स्थिर असतं. जमीन उतरते तिथं लॉक असतो : दोन दारांमधली एक बांधीव खोली. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, झडपांतून पाणी हळूहळू सोडायचं, पातळी खालच्या पाण्याशी जुळली की पुढचं दार उघडायचं. फ्रान्समध्ये १६८१ साली खुला झालेला सुमारे २४० किलोमीटरचा कनाल द्यू मिदी अशाच लॉकांवर चालतो.

सिंचनाच्या कालव्यात पाणी मुद्दाम वाहतं ठेवलेलं असतं. उतार आला की तिथं पाणी धबधब्यासारखं खाली पडतं. ओढा आडवा आला की कालवा कधी सायफनमधून जमिनीखाली जातो. त्या तोंडाशी ओढला गेलेला माणूस बाहेर येत नाही. अस्तरीकरण केलेले तिरपे काठ शेवाळानं इतके गुळगुळीत असतात की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पाणी सोडण्याचं आवर्तन संपलं की कालवा कोरडा. त्यामुळं या समजाला माझ्याकडे सवलत नाही : सिंचनाच्या कालव्यात होडी घालू नये.

कालव्यांचा प्रवास करायचाच असेल तर आपल्या देशात केरळ आहे. कोल्लम-कोट्टापुरम हा जोडकालव्यांसह २०५ किलोमीटरचा मार्ग १९९३ पासून राष्ट्रीय जलमार्ग आहे. खाड्या, तलाव आणि त्यांना जोडणारे कालवे, वाटेत लॉकसुद्धा. नवख्यानं तिथं शिकावं.

समज : किनाऱ्यालगत राहिलं की धोका नाही

प्रत्यक्षात लाट फुटते ती किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात. खडक, मासेमारीची जाळी आणि खाडीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा हेही तिथंच. ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर येत असताना समोरून वारा असेल, तर त्या दांड्यावर लाटा उभ्या राहतात. कोकणातले जाणते नाखवे अशा वेळी बाहेरच थांबून भरतीची वाट पाहतात.

भरतीची वेळ काढायचा त्यांचा हिशेब सुंदर आहे : तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पण हा हिशेब मुंबई-कोकणचा अंदाज आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या काकीनाड्याला तो लावू नये. प्रत्येक बंदराचं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, तेच प्रमाण मानावं.

हंगामाबाबतही असाच घोळ होतो. ‘पावसाळा संपला, समुद्र शांत झाला’ हे कोकणापुरतं बऱ्याच अंशी खरं. पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच चक्रीवादळांचा मुख्य काळ. गोदावरीच्या मुखाजवळचं कोरिंगा बंदर नोव्हेंबर १८३९ च्या वादळानं उद्ध्वस्त केलं. कृष्णेच्या मुखाकडच्या दिवीसीमेवर १९ नोव्हेंबर १९७७ ला समुद्र चढला आणि हजारो माणसं गेली. मासेमारीबंदीच्या तारखांवरूनही सुरक्षित काळ ठरवू नका. पश्चिमेला १ जून ते ३१ जुलै ही बंदी खवळलेल्या समुद्राशी जुळते. पूर्वेला ती १५ एप्रिल ते १४ जून असते आणि वादळांचे मुख्य महिने तिच्याबाहेर राहतात. बंदी माशांच्या विणीसाठी आहे, आपल्या वेळापत्रकासाठी नव्हे.

समज : पाणी संथ आहे, पोहता येतं, मोबाइल आहे, पुरे झालं

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यात जीव गेले. तो ना पुराचा दिवस होता, ना नदी खवळलेली. सप्टेंबर २०१९ मध्ये गोदावरीच्या पापीकोंडलू घळीत, कच्चुलुरूजवळ, पर्यटकांची मोठी बोट पुराच्या पाण्यात बुडाली. ती खोल पाण्यातून काढायला महिन्याहून अधिक काळ लागला. लाइफ जॅकेट नुसतं होडीत ठेवून भागत नाही. ते अंगात घालून बंद आवळलेलं असावं लागतं.

अंतराचा हिशेबही रस्त्यासारखा करू नये. वल्ह्याची होडी तासाला चार-पाच किलोमीटर जाते, समोरून वारा आला की त्याच्या निम्मी. कोल्लम ते आलप्पुळा गाडीनं दोन-अडीच तास, प्रवासी बोटीनं दिवसभर. इंजिन असेल तर इंधनाचे तीन भाग करावेत : एक जायला, एक परतायला, एक राखीव. मोबाइलवरच्या नकाशातला निळा रंग खोली सांगत नाही. समुद्रासाठी देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे घ्यावेत आणि निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा.

सिरोंचाच्या जंगलपट्ट्यात आणि किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात मोबाइलची रेंज गृहीत धरू नये. समुद्रावर व्हीएचएफ रेडिओ, वाहिनी १६. निघताना एक कागद काठावरच्या भरवशाच्या माणसाकडे द्यावा : होडीचा रंग, माणसं किती, मुक्काम कुठे, पोचल्याचा निरोप किती वाजता, आणि निरोप आला नाही तर किती वेळ थांबून फोन करायचा. समुद्रात असाल तर तटरक्षक दल १५५४ किंवा सागरी पोलीस १०९३. नदीवर असाल तर ११२.