अंदाज बांधणं थांबवलं तेव्हा
लेखमाला: सॉफ्टवेअरचं वेळापत्रक – भाग 6

गेल्या आठवड्यात स्टोरी पॉइंटचा हिशेब पाहिला. टीमने प्रत्येक टिकेटला पॉइंट लावायचे, मागच्या स्प्रिंटांवरून वेलॉसिटी काढायची आणि पुढच्या दोन आठवड्यांसाठी झेपेल तेवढंच उचलायचं. कागदावर हे चोख आहे. पण पॉइंट लावायला जो वेळ जातो, तो कुणाच्या खाती टाकायचा? हिंजवडीतल्या कुठल्याही टीमच्या रिफाइनमेंटच्या बैठकीत बसून पाहा. विषय असतो एका फॉर्मवरच्या बटणाचा. कुणी 3 म्हणतं, कुणी 8. मग 8 वाल्याने कारणं सांगायची, 3 वाल्याने ती खोडायची आणि शेवटी 5 वर मांडवली करायची. एवढ्यात सात-आठ जणांची वीस मिनिटं जातात आणि ते बटण पुढे कितीतरी दिवस बॅकलॉगमध्येच पडून राहतं.

हा खर्च मोजून पाहणारी एक टीम होती, मायक्रोसॉफ्टची. साल 2004. कंपनीच्या अंतर्गत वापरातल्या प्रणालींची देखभाल एक्सआयटी नावाचा गट करायचा. मागण्या अमेरिकेतल्या रेडमंडहून यायच्या आणि काम हैदराबादची कंत्राटी टीम करायची. तीन डेव्हलपर, तीन टेस्टर, वर एक मॅनेजर. कामंही डोंगराएवढी नव्हती. चालू प्रणालीतले बग काढायचे, किरकोळ बदल करायचे. तरी ऐंशीहून जास्त मागण्या तुंबलेल्या आणि एखादी मागणी हातावेगळी व्हायला पाचेक महिने लागत. माणसं कच्ची होती असंही नाही. कंत्राटदार कंपनीकडे सीएमएमआयच्या पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीची पावती होती. अशा बदनाम टीमची जबाबदारी द्रागोश दुमित्रिऊ या मॅनेजरने आपणहून मागून घेतली आणि तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्येच असलेल्या डेव्हिड अँडरसनला मदतीला घेतलं.

घोडं कुठे पेंड खात होतं ते दोघांना लवकरच कळलं. नवी मागणी आली की तिचा अंदाज 48 तासांत द्यायचा, असा दंडक होता. एका अंदाजापायी एका डेव्हलपरचा आणि एका टेस्टरचा साधारण एकेक दिवस जायचा. मुदत घड्याळावर असल्यामुळे अंदाज नेहमीच तातडीचा आणि हातातलं खरं काम नेहमीच बाजूला. टीमची सुमारे एक तृतीयांश ताकद या अंदाजांतच मुरत होती. त्यातल्या जवळजवळ निम्म्या मागण्या पुढे कधी केल्याच गेल्या नाहीत. खर्चिक निघाल्या, नाहीतर गरजच सरली. उरलेल्यांचा क्रम दर महिन्याच्या बैठकीत नव्याने लागे, त्यामुळे आधी सांगितलेल्या तारखांनाही फारसा अर्थ उरत नसे.

त्यांनी अंदाज देणं बंद केलं. उघडच मोठं दिसणारं काम देखभालीच्या रांगेत घ्यायचं नाही, बाकीच्यांना आकडा लावायचाच नाही. मागण्या पाठवणाऱ्या व्यवस्थापकांशी नवा करार झाला: रांगेत जागा मोकळी झाली की पुढचं कोणतं काम घ्यायचं ते तुम्ही सांगा, घेतल्यापासून 25 दिवसांत ते देणं आमच्याकडे लागलं. एका वेळी हातात किती कामं असावीत, यालाही मर्यादा घातली. पुढे टेस्टरना थोडी उसंत मिळते आणि डेव्हलपर मात्र दमतात, हे दिसल्यावर तीन-तीनची वाटणी चार-दोन अशी केली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांचा बोर्ड वगैरे काही नव्हतं; टीम सातासमुद्रापलीकडे, त्यामुळे सगळी नोंद संगणकावरच होती. कोड लिहिण्याची आणि तपासण्याची पद्धतही तीच राहिली. तरीही साधारण नऊ महिन्यांत काम पार पडायचा सरासरी वेळ 14 दिवसांवर आला आणि टीममधून बाहेर पडणारं काम तिपटीहून वाढलं. पुढे अँडरसनने ‘कानबान’ या नावाने जी पद्धत मांडली, तिची सुरुवात इथली.

यामागचं गणित जुनंच आहे. जॉन लिटल यांनी 1961 साली ते सिद्ध केलं: हातात असलेली कामं भागिले ठरावीक काळात संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. महिन्याला 20 टिकेटं संपवणाऱ्या टीमच्या हातात 60 असतील, तर कितीही घाम गाळला तरी एका टिकेटला सरासरी तीन महिने लागणार. हातातली 20 वर आणा, एक महिना. दिवाळीच्या तोंडावर ‘आता कापड घेत नाही’ असं सांगणाऱ्या शिंप्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याकडच्या मॅनेजरांना मात्र ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘घेऊन ठेवू, बघू’ म्हणणं सोपं वाटतं.

अशा टीमचा माग काढायला दोनच नोंदी पुरतात. टिकेट उचललं कधी आणि बंद केलं कधी. समजा, संपलेली शेवटची 40 टिकेटं लागलेल्या दिवसांच्या क्रमाने मांडली आणि चौतिसावं 9 दिवसांचं निघालं. मग क्लायंटला सांगता येतं, की काम हाती घेतल्यावर शंभरातली पंच्याऐंशी 9 दिवसांच्या आत मिळतील. यात पॉइंट कुठेच लागले नाहीत. गंमत म्हणजे अजाइल जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सतरा जणांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी ‘स्टोरी पॉइंट कदाचित मीच शोधून काढले असतील, तसं असेल तर मला खेद आहे’ अशा अर्थाची कबुली दिली आहे.

म्हणून उद्यापासून सगळे अंदाज कचऱ्यात टाका, असं मी म्हणणार नाही. एक्सआयटीची कामं लहान आणि एकमेकांसारखी होती. ठरावीक रकमेचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीला सही करण्याआधी आकडा द्यावाच लागतो आणि तो टाळून धंदा होत नाही. पण कंत्राटासाठी एकदा काढलेला अंदाज वेगळा आणि दर आठवड्याला प्रत्येक बटणावर घातलेला घोळ वेगळा. दुसरा सोडून द्यायला माझ्या मते बहुतेक देखभाल-टीमना काहीच हरकत नसावी.

हातातल्या कामांची मर्यादा मात्र पाळायला कठीण. जिरामध्ये ‘इन प्रोग्रेस’च्या कॉलमवर 4 चा आकडा लावला, की आठवड्याभरात शेजारी ‘ऑन होल्ड’ नावाचा नवा कॉलम उगवतो आणि पाचवं, सहावं, सातवं टिकेट तिथे जाऊन बसतं. ते सुरू झालेलं असतं, संपलेलं नसतं आणि मोजणीतही धरलेलं नसतं. पुढच्या भागात या कॉलमचाच समाचार घेऊ.