नऊ तासांतले चार तास

गटाच्या सहलीबद्दल आपण मागे बोललो, तेव्हा काही जणींनी विचारलं, "ताई, तुम्ही जहाजातून कोचीला जाऊन आलात म्हणे. ते सांगा की आम्हाला." तर आज तेच सांगते. पण नुसती गंमत सांगणार नाही. जहाज बंदराला लागतं, आपण काही तासांसाठी खाली उतरतो आणि शहर बघून परत येतो, त्या काही तासांचं गणित सांगणार आहे. ते मला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या दिवशी माझ्या धाकट्या जावेला रडायची वेळ आली नसती.

आमच्या गटातल्या आम्ही पाच जणी गेलो होतो. सहलीचा गल्ला वेगळा ठेवला होता, दर महिन्याच्या बैठकीत त्यात थोडे थोडे पैसे टाकत होतो. चार वर्षांनी मुंबईहून कोचीला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली. जहाज म्हणजे एक तरंगती इमारतच. झोपायला खोली, जेवायला मोठी खोली, वर मोकळा सज्जा. दोन रात्री आणि एक दिवस नुसतं पाणी बघितलं आणि सकाळी आठला कोचीच्या धक्क्याला लागलो. संध्याकाळी पाचला जहाज सुटणार होतं.

आता पहिलं गणित. आठ ते पाच म्हणजे नऊ तास. आम्ही खूश! पण हे नऊ तास आपले नसतात. जहाज लागलं की लगेच उतरता येत नाही. धक्क्यावर शिडी लावतात, तिला गँगवे म्हणतात. मग रांग लागते. आम्ही खाली उतरेपर्यंत नऊ वाजले. दुसरं म्हणजे, जहाज पाचला सुटणार असलं तरी प्रवाशांनी बरंच आधी आत यावं लागतं. आमच्या जहाजावर ती वेळ चारची होती. बंदरातली गर्दी, तपासणी धरून आपण तीनला फाटकाशी पोचलेलं बरं. म्हणजे राहिले नऊ ते तीन, सहा तास. त्यातून जायचा अर्धा तास, यायचा अर्धा तास, जेवणाचा एक तास. हातात उरले चार तास. नऊ तासांतले चार! शहर बघायचं ते या चार तासांत.

तुम्ही म्हणाल, जहाज दहा मिनिटं थांबायला काय झालं? आपली एसटीसुद्धा कुणी धावत आलं तर थांबते. पण जहाजाचं तसं नाही. धक्क्यावरची जागा ठरावीक वेळेपुरतीच घेतलेली असते. बंदरातून बाहेर काढायला बंदराचा माहीतगार माणूस जहाजावर येतो, त्याला पायलट म्हणतात. त्याची वेळ ठरलेली असते. पुढच्या बंदरातली वेळही ठरलेली असते. एका माणसासाठी एवढं सगळं मागे ढकलता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. शहर दाखवणार कोण? साधारण तीन वाटा असतात.

पहिली वाट, जहाजाचीच सहल. जहाजावर एक टेबल असतं, तिथे आदल्या दिवशी नाव नोंदवायचं. सकाळी एका जागी जमायचं, छातीवर नंबराची चिठ्ठी लावायची, बस आणि गाईड तयार असतात. ही वाट महाग पडते. पण बस उशिरा आली तर साधारणपणे जहाज तिच्यासाठी थांबतं, नाहीतर पुढे पोचवायची सोय कंपनी करते. हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं, पैसे देण्याआधी विचारून घ्या. दुसरी वाट, परवाना असलेला स्थानिक गाईड आणि गाडी घरूनच ठरवून ठेवणं. आठ-दहा जणी असलात तर खर्च वाटला जातो. तिसरी वाट, फाटकाबाहेर उभी असलेली रिक्षा किंवा टॅक्सी. ही सगळ्यात स्वस्त दिसते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने गेलात तर वेळेची जबाबदारी पूर्ण तुमची. जहाज थांबणार नाही.

आमच्यातल्या दोघी, अध्यक्षताई आणि पेणकडच्या काकू, जहाजाच्या सहलीला गेल्या. मी, माझी जाऊ आणि आणखी एक मैत्रीण, आम्ही तिघींनी पैसे वाचवायचे ठरवले आणि रिक्षा केली. पैसे निम्म्याने वाचले. आता पुढे काय झालं ते ऐका.

आम्हाला बघायचा होता मट्टानचेरीचा राजवाडा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो बांधून कोचीच्या राजाला दिला. पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. आत भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवलेले आहेत. आम्ही हौसेने दाराशी गेलो, तर दार बंद. तो शुक्रवार होता आणि राजवाडा शुक्रवारी बंद असतो. रिक्षावाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण आम्ही विचारलंच नव्हतं. मग त्याने आम्हाला एका मसाल्याच्या दुकानात नेलं. तिथून साड्यांच्या दुकानात. "नुसतं बघा, घेऊ नका," म्हणाला. बऱ्याच ठिकाणी अशा दुकानांत गिऱ्हाईक नेलं की चालकाला काही मिळतं. त्याचंही पोट आहे, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण आमच्या चार तासांतला दीड तास आम्ही काही न घेता दुकानांत बसून घालवला.

आणि आमच्या दोघी? त्यांच्या गाईडबाईंना वार ठाऊक होता. त्यांनी सकाळीच सगळ्यांना आधी ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात नेलं, कारण ते शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतं. हे परदेसी सिनेगॉग १५६८ सालचं. जमिनीवर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या. गाईडबाई सांगत होत्या की शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी ते काम करत नाहीत. आणि आमच्या काकू एकदम म्हणाल्या, "अहो, म्हणजे आमचे शनवार तेली!"

मैत्रिणींनो, रायगडातल्या बायकांना हे नाव ओळखीचं असेल. अलिबाग, पेण, रोहा या भागात पिढ्यान्‌पिढ्या बेने इस्रायल लोक राहत होते. तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. बोलायचे मराठीच, आडनावंही पेणकर, रोहेकर अशी. त्यातले बरेच जण पुढे इस्रायलला गेले. काकूंच्या लहानपणी त्यांच्या शेजारी असं एक घर होतं. गाईडबाईंनी मग सांगितलं की एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक कोकणात जाऊन त्या लोकांना धर्माचे विधी शिकवत होते. बघा, कुठलं कोची आणि कुठलं पेण! रात्री काकू हे सांगत होत्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. चांगला गाईड असला की असं होतं. तो बघायच्या जागेचं नाव सांगून थांबत नाही, तिचं आपल्याशी असलेलं नातं सापडायला मदत करतो.

आम्ही तिघी शेवटी समुद्राकाठी गेलो, फोर्ट कोचीला. तिथली चिनी जाळी मी कधी विसरणार नाही. लाकडाच्या उंच चौकटीला मोठं जाळं टांगलेलं, मागे दोराला दगड बांधलेले. जाळं पाण्यात सोडायचं आणि थोड्या वेळाने चार-सहा माणसांनी दोर ओढून वर उचलायचं. दगडांचं वजन मदतीला येतं, आपल्या विहिरीवरच्या ओकतीसारखं. तिथले लोक बोलावून दोर ओढू देतात, फोटो काढू देतात आणि मग पैसे मागतात. तेव्हा आधी विचारा, ठरवा आणि मगच दोराला हात लावा. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला आधी तिथे पुरलं होतं, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. ते बघायला आम्हाला वेळच उरला नाही.

कारण तेव्हा पावणेतीन वाजले होते. पुलावर गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा हलेना. माझ्या जावेची रक्तदाबाची गोळी जहाजावरच्या खोलीत. आधार कार्ड खोलीत. मोठी रक्कमही खोलीत. "जहाज गेलं तर मी काय करू गं?" म्हणून ती रडायला लागली. चारला बारा मिनिटं कमी असताना आम्ही शिडीशी पोचलो. माझे पाय तेव्हा लटपटत होते. जहाज निघाल्यावर सगळे वर सज्जावर जाऊन चिनी जाळ्यांचे फोटो काढत होते, कारण जहाज त्यांच्या समोरूनच समुद्रात जातं. आम्ही तिघी मात्र खोलीत आडव्या पडलो होतो.

म्हणून सांगते, उतरण्याआधी हे करा.

जहाजावर परत यायची वेळ कागदावर लिहून घ्या आणि फलकाचा मोबाईलवर फोटो काढा. बंदराचं, धक्क्याचं आणि फाटकाचं नाव लिहून ठेवा. रोज सकाळी जहाजावर दिवसाचा कागद मिळतो, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, तो जपा. चुकामूक झालीच तर पहिला फोन त्याला करायचा. आपल्या देशात जहाज चुकलं तरी घाबरून जाऊ नका. एर्नाकुलमहून कोकण रेल्वेने आपल्याकडे येता येतं, खर्च मात्र आपला. परदेशात पासपोर्टची अडचण होते, म्हणून तिथे पहिल्यांदा जाताना जहाजाचीच सहल घ्यावी, असं माझं मत.

जहाजाचं कार्ड, आधार कार्ड, दोन दिवसांच्या गोळ्या, थोडे पैसे, पाणी आणि भरलेला मोबाईल, एवढं अंगाशी असू द्या. उतरताना आणि चढताना कार्ड यंत्राला दाखवतात, त्यावरून कोण बाहेर आहे ते जहाजाला कळतं.

गाईड ठरवताना लाजू नका, विचारा. ओळखपत्र दाखवता का? हिंदीतून सांगाल ना? आज काय काय बंद आहे? चालणं किती, पायऱ्या किती? बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? दुकानात थांबणार का, किती वेळ? पैसे माणशी की गाडीचे? आणि तीनला फाटकाशी सोडाल ना? परवाना असलेला गाईड या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो त्याला तिथेच नमस्कार करा.

आणखी एक. चार तासांत सगळं बघायचा हट्ट धरू नका. दोनच जागा नीट बघा. तिसरी जागा बायकांच्या कामाची असू द्या. केरळात १९९८ पासून कुटुंबश्री नावाने बायकांचे गट चालतात, आपल्या बचत गटांसारखेच. त्यांची खानावळ जवळ असेल तर गाईडला तिथे जेवायला न्यायला सांगा. आपला पैसा एखाद्या बहिणीच्या हातात पडेल, आणि त्या हिशेब कसा ठेवतात, भांडवल कसं उभं करतात, हे दोन शब्द विचारता येतील.

आणि फोटो काढताना आठवण ठेवा. आपल्या गावात पर्यटक येतात, आपण पाणी भरत असतो, भाकरी थापत असतो, आणि न विचारता कुणी फोटो काढला की आपल्याला कसं वाटतं? मासे विकणारी बाई, कपडे वाळत घालणारी बाई, तिलाही तसंच वाटतं. आधी हसा, विचारा, मग काढा.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. गल्ला पुन्हा सुरू केलाय. माझी जाऊ म्हणाली, "या वेळी शुक्रवार सोडून जाऊ. मला तो राजवाडा आतून बघायचाय." आणि गाईडचे पैसे आम्ही आधीच गणितात धरलेत.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचा आणि सहल कुठलीही असो, जहाजाची, एसटीची की रेल्वेची, हातात खरे तास किती उरतात ते फळ्यावर मांडून बघा. भेटू पुन्हा. नमस्कार.