वाघोलीचे पथक आणि १७३७ साल

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे वाघोली हे अठराव्या शतकात सरदार पिलाजी जाधवराव यांचे गाव होते. वाघेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. पिलाजी हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या वेळेपासूनचे जुने सरदार. अशा सरदारांची घोडदळाची पथके हाच छत्रपती शाहूंच्या राज्याचा लष्करी कणा होता आणि १७३७ साली या व्यवस्थेचा कस लागला.

पथकात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई. बारगिराला घोडा पागेतून मिळे. खर्चासाठी सरदाराला मुलूख सरंजाम म्हणून लावून दिलेला असे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणलेल्या सनदांमुळे दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई व सरदेशमुखीचा हक्क मिळाला होता. चौथाईचा चौथा हिस्सा ‘राजबाबती’ म्हणून छत्रपतींकडे जाई. उरलेल्या ‘मोकाशा’चा मोठा भाग सरदारांच्या फौजेवर खर्ची पडे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पावसाळ्यापूर्वी परतावी, असा रिवाज होता.

१७३६ च्या अखेरीस बाजीराव पेशवे पुण्याहून उत्तरेकडे निघाले. माळव्याचा कारभार आणि इतर मागण्यांवर बादशाह मुहम्मदशाहाचा दरबार टोलवाटोलवी करीत होता. १७३७ च्या मार्चमध्ये मल्हारराव होळकर, पिलाजी जाधवराव आणि विठोजी बुळे यमुना ओलांडून दुआबात शिरले. जलेसरजवळ त्यांनी समोर दिसलेल्या तुकडीला घेरले. पण तिच्यामागे अवधचा सुभेदार सआदतखान मोठ्या फौजेनिशी उभा होता. मराठ्यांना मार खाऊन यमुनेपलीकडे परतावे लागले. वेगावर भिस्त ठेवणारे हलके घोडदळ जड फौजेच्या तोंडी सापडले की काय होते, हे येथे दिसले.

मराठे चंबळेपार हाकलले गेल्याची बातमी सआदतखानाने दरबारी कळवली. ती खोटी पाडण्यासाठी बाजीरावांनी बादशाही फौजांना बगल दिली आणि मार्चअखेर ते थेट दिल्लीच्या वेशीवर, कालकाजीजवळ उतरले. शहराबाहेर आलेल्या बादशाही तुकडीचा पराभव झाला. दिल्ली मात्र त्यांनी लुटली नाही. राजधानी जाळून बादशाहीच मोडली तर सनदा कोणाकडून घ्यायच्या, हा व्यवहार त्यामागे होता. मोठ्या फौजा चालून येताच ते माघारी वळले.

त्याच सुमारास बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या फौजांनी कोकणात पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवला. येथील लढाई वेगळ्या जातीची होती. खाड्या, होड्या, तटबंदी आणि तोफा यांपुढे घोडदळाचा उपयोग थोडा. गरज होती पायदळाची, सुरुंगांची आणि चिकाटीच्या वेढ्याची. वसई पडायला १७३९ चा मे उजाडला.

दिल्लीच्या स्वारीने हादरलेल्या बादशाहाने दख्खनचा सुभेदार निजामुल्मुल्क याला बोलावून घेतले. तो तोफखान्यासह माळव्यात उतरला, तेव्हा बाजीरावांनी डिसेंबरात त्याला भोपाळला कोंडले. दख्खनेतून त्याच्या मुलाची कुमक येऊ नये म्हणून चिमाजी अप्पा तापीकडे पहाऱ्याला राहिले. मराठ्यांनी तोफांच्या माऱ्यात न जाता दाणावैरण तोडली. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई येथे निजामाने माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि बादशाहाकडून ५० लाख रुपये मिळवून देण्याचे कबूल केले.

दोन आघाड्या एकाच हंगामात लढवणे या राज्याला जमले, कारण सरदार आपापल्या पथकांनिशी स्वतंत्रपणे हालचाल करू शकत. मात्र याच रचनेत दुखणेही होते. वसुलाचा मोठा वाटा सरदारांकडेच राही, मध्यवर्ती खजिना भरत नसे आणि स्वाऱ्यांसाठी पेशव्याला सावकारांचे कर्ज काढावे लागे. जिंकलेला मुलूख कागदावर पक्का व्हायलाही वेळ लागला : माळव्याची बादशाही सनद हाती आली ती १७४१ साली, बाजीरावांच्या मृत्यूनंतर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत.