'लाईट-पाणी धरून' भाडे किती?

शिरूर किंवा दौंड येथे खोली शोधत हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालकांकडून दोन प्रकारची उत्तरे मिळतात : 'लाईट-पाणी धरून' किंवा 'लाईटबिल वेगळे'. पहिले उत्तर ऐकले की हायसे वाटते. घरून येणारे पैसे मोजके असतात. त्यांत अवचित येणाऱ्या बिलाला जागा नसते. परंतु त्या 'धरून'मध्ये नेमके काय धरले आहे, याचा विचार खोली घेण्यापूर्वीच केला पाहिजे.

शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडजवळ कुरकुंभची. त्यामुळे कामगार आणि विद्यार्थी एकाच खोलीचे गिऱ्हाईक ठरतात. पगार असणारा कामगार दोन पैसे जास्त देऊ शकतो. विद्यार्थ्याला मात्र हिशेबानेच चालावे लागते. म्हणून प्रथम विजेचा हिशेब पाहू.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास फिरला, तर महिन्याला साडेबावीस युनिटे. २० वॅटची ट्यूब रोज सहा तास जळली, तर साडेतीन युनिटांच्या आसपास. आता पाणी तापवण्याचा १५०० वॅटचा रॉड घ्या. एका बादलीसाठी तो वीस मिनिटे लावला, की अर्धे युनिट जाते. खोलीत चौघे असतील तर रोज दोन युनिटे, म्हणजे महिन्याला ६०! एकूण ८६ युनिटांपैकी ६० एकट्या रॉडची. रात्री अभ्यासाला दिवा जाळला म्हणून कुरबुर होते, पण खरी वीज सकाळच्या आंघोळीत जाते.

दुसरी गोष्ट मीटरची. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून जास्त, ३०१ ते ५०० पर्यंत आणखी जास्त. वरील खोलीला स्वतंत्र मीटर असेल, तर तिची ८६ युनिटे स्वस्त टप्प्यातच राहतात. अशा चार खोल्या एकाच मीटरवर असल्या तर एकूण ३४४ युनिटे होतात आणि शेवटची ४४ तिसऱ्या टप्प्यात जातात. स्थिर आकार एकदाच भरावा लागतो हे खरे, पण वाढीव दराचा भार शेवटी भाड्यातच येतो. यात घरमालकाची लबाडी असतेच असे नाही. तरीही मागील महिन्याचे बिल पाहावयास मागण्यात संकोच कसला?

पाण्याचेही तसेच. नळ नगरपरिषदेचा की बोअरचे पाणी? मोटार कोणाच्या मीटरवर चालते? मे महिन्यात टँकर आणावा लागला तर पैसे कोण देणार? हे प्रश्न जूनमध्येच विचारावेत.

कायदा येथे उपयोगी पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. करार नोंदलेला नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. कलम ३१ प्रमाणे भाड्याची पावती द्यावी लागते. कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे वीज-पाणी तोडता येत नाही. म्हणून करारात 'लाईट-पाणी धरून' एवढेच न लिहिता, किती युनिटांपर्यंत आणि त्यापुढे काय दराने, हेही लिहून घ्यावे.

बिलावरून वाद होऊन ऐन परीक्षेच्या तोंडावर खोली सोडावी लागली, तर मुलगा कसाबसा मित्राकडे पथारी टाकतो. मुलीला मात्र घरचे लोक परत बोलावतात, आणि पुष्कळदा तिचे शिक्षण तेथेच थांबते. खोलीचा प्रश्न एवढा मोठा आहे.

यावर एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. विद्यार्थी मंडळाने ग्रंथालयात एक वही ठेवावी. खोली सोडणाऱ्याने तीत भाडे, मीटर स्वतंत्र की सामाईक, उन्हाळ्यातले पाणी आणि करार झाला की नाही, एवढे लिहावे. पुढच्या जूनमध्ये गावाहून येणाऱ्या मुलाला वा मुलीला मग दारोदार हिंडण्यापूर्वी काही माहिती तरी हाताशी असेल. प्राध्यापकांनी या वहीकडे लक्ष दिले, तर ती वर्षानुवर्षे चालेल.